खांद्यावरचा हात

सुषमा, त्या कंदिलाची वात जरा खाली घे, काच काळी पडतेय. आणि तो इथं कॉटच्या पायथ्याशी ठेव, तुझ्या भावाचं तोंड दिसू दे मला. हां, बास. लाइट काही आता लवकर येत नाही. अख्ख्या नवागामची गेलीय. ऐका ना, एक खातं चालू नाही.

तुषार, तू गावाकडचा, तुला ही शांतता रोजचीच. आम्हाला नाही. इथं सुरतेत खातं म्हणजे लूम्सची, यंत्रमागांची शेड, आणि ती रात्रंदिवस चालते. जमीन थरथरते, भिंतीवरची ताटं वाजतात, तांब्यातलं पाणीसुद्धा हलतं. तुझी ताई लग्न होऊन आली तेव्हा या खडखडाटानं तिला झोप लागायची नाही. आता तो थांबला की लागत नाही.

बरं, ते तोंड पाडून बसणं पुरे झालं, शालकसाहेब. कबड्डी खेळताना गुडघा गेला, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, आणि आधी मांडीचा व्यायाम करून या म्हणून बजावलं. त्यासाठी तुला इथं आणलाय. आणि तू काय करतोस? रेडिओवर मॅच ऐकतोस आणि गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी उशाला घेतोस! ताईनं सांगून झालं, रागावून झालं, आता ती मला म्हणते, तुम्हीच सांगा, मोडलेल्या पायाचं तुम्हाला ठाऊक.

सांगतो. कुणाला फारसं सांगितलेलं नाही. पण एक अट आहे. भीती वाटली तरी पाय दाबायचा थांबवायचा नाही. ठेव ती गुंडाळी गुडघ्याखाली. दाब. धर. सोड. असंच चालू ठेव.

तर माझा पाय बीमनं मोडला. बीम म्हणजे ताण्याचा धागा गुंडाळलेला लोखंडी रूळ, दोघं मिळून खांद्यावरून नेतात. पुढचा घसरला, बीम माझ्या मांडीवर आला. आमची अक्कल अशी की सुरतेत एवढे दवाखाने सोडून मला जीपमध्ये घालून अमळनेरकडं नेलं, हाडवैद्याकडं. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाय आखूड झाला, गुडघा वाकेना, मांडी वाळून मनगटाएवढी झाली. परत आलो तो कॉटवरच पडलो. सुषमा घरात बॉबिन भरायची आणि मी तिच्याकडं बघत पडून राहायचो. कारीगर म्हणजे पाळीभर उभा राहणारा माणूस रे. ज्याला उभंच राहता येत नाही, त्याला लूमवर कोण घेणार? मी संपलो होतो, तुषार. सुषमासमोर बोललो नाही कधी, पण आतून पार संपलो होतो.

शेवटी हिनंच मला रिक्षात घातलं आणि सचिन गावच्या रस्त्याला एका धर्मादाय दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथले हाडाचे डॉक्टर भूपेंद्रभाई. त्यांनी फोटो बघितला, माझी मांडी दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "वाल्मिकभाई, हाड परत तोडून सरळ करू, आत रॉड घालू. पण रॉड काय करेल एकटा? जांघमां ताकात जोईए, ताकात! मांडीत ती नसेल तर मी हात लावणार नाही."

पाय आखूड होऊन शिरा आखडल्या होत्या, त्या आधी ताणायला हव्या होत्या. म्हणून नडगीतून सळई घातली, तिला दोरी बांधली, दोरी पलंगाच्या पायथ्याच्या कप्पीवरून घेतली आणि तिला विटा टांगल्या. खऱ्या विटा, भट्टीतल्या! असा मी विटांना बांधलेला, छताकडं बघत. आणि त्या विटा पाय ओढत असताना मांडीत जीव आणायचा होता.

त्यासाठी केतकीताई यायच्या, रोज सकाळी. व्यायामाच्या ताई. वडील बँकेत साहेब, बोलणं अगदी पुस्तकातलं. "वाल्मिकराव, गुडघा खाली दाबा. मांडी घट्ट करा. धरून ठेवा. आता सैल सोडा." एवढंच. मी म्हणलं, ताई, एवढा मोठा माणूस मी, दिवसभर टॉवेल दाबत बसू? त्या हसल्या, म्हणाल्या, हाच टॉवेल तुम्हाला उभं करेल. त्या असेपर्यंत मी दाबल्यासारखं करायचो. त्या गेल्या की भिंतीकडं तोंड. दुखायचं फार, आणि कशासाठी दुखवून घ्यायचं तेच मला पटत नव्हतं.

असा तू थांबू नकोस. दाब.

भुतं रात्रीच दिसतात असं कुणी सांगितलं रे? त्या वॉर्डात दुपार वाईट होती. डब्बेवाले नातेवाईक निघून गेलेले, सिस्टर त्यांच्या खोलीत, खिडक्यांना ओले पडदे. सगळे पेशंट जेवून सुस्त. माझ्या शेजारच्या खाटेवर भाईदास, बारडोलीच्या साखर कारखान्यातला गडी, खुबा मोडलेला. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, पण जेवला की तोही तोंडावर पंचा घेऊन पडायचा. फिनेलचा वास, औषधांचा वास, आणि वर पंख्याची कुरकुर.

अशाच एका दुपारी पहिल्यांदा वास बदलला. फिनेल गेलं आणि मशीनच्या तेलाचा वास आला. लूमच्या तेलाचा, गरम झालेला. तो वास मी हजारांत ओळखेन. मला वाटलं, मनाचे खेळ. मग पलंगाचा लोखंडी गज माझ्या हाताखाली थरथरायला लागला. अगदी शेडमधल्यासारखा. पायथ्याच्या विटा दोरीवर हलायला लागल्या, एकमेकींना घासायला लागल्या. पण कानाला काहीच नाही. शेकडो लूम जोरात चालू असल्यासारखा तो थरार छातीच्या हाडात शिरतोय, आणि कानाला काही म्हणजे काही नाही...

मान वळवली तर पायथ्याशी माणूस उभा. चौकड्याची लुंगी, बनियन, खांद्यावर टॉवेल. माझ्याहून थोराड. केसांवर, भुवयांवर धाग्याची धूळ. आपला कारीगर, शंकाच नाही. मला वाटलं, कुठल्या तरी पेशंटचा नातेवाईक पाळी संपवून तसाच आलाय.

आता आमच्याकडची एक पद्धत तुला सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खात्यात एवढा आवाज असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. मग कारीगर ओठांवर बोलतात. आवाज काढतच नाहीत. ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचे, आणि बाकी हातांनी. दोन बोटं झटकली की धागा तुटला. मूठ आवळून स्वतःकडं ओढली की हँडल ओढ, मशीन चालू कर. पंजा आडवा फिरवला की बंद. अशा गप्पा आम्ही तासन् तास मारतो. घरी आल्यावरसुद्धा कधी कधी मी ओठच हलवतो आणि तुझी ताई वैतागते, मोठ्यानं बोला ना म्हणते.

तर तो माणूस ओठांवर बोलला, "कोन गाव?"

मीही ओठांवरच सांगितलं. त्यानं मान हलवली. "तुमी?" मी विचारलं.

"शिरपूरकडला. सखाराम."

"कोणतं खातं?"

त्यानं हात मागं कुठंतरी झटकला. मग माझ्या मांडीकडं बघितलं. नीट बघितलं, बिघडलेल्या मशीनकडं खात्यातला मास्तर बघतो तसं. आणि मूठ आवळून स्वतःकडं ओढली. हँडल ओढ.

काय सांगू तुला! केतकीताई इतके दिवस मांडी घट्ट करा म्हणत होत्या, ते माझ्या डोक्यात शिरत होतं, मांडीत शिरत नव्हतं. त्यानं मूठ ओढली आणि मांडी आपोआप आवळली. एवढी वर्षं ती खूण बघून अंग हललंय, ते न सांगता हललं. गुंडाळी दाबली गेली. कळ मस्तकात गेली. मी पंजा फिरवला, बंद करा म्हणून. त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि मूठ तशीच धरून ठेवली. "धर भो... धर..." मग सावकाश पंजा आडवा केला. मी सोडलं.

मग परत मूठ. माझी शर्टाची पाठ घामानं ओली होईपर्यंत त्यानं मला सोडलं नाही. नंतर पलंगाचं लोखंड एकदम शांत झालं, फिनेलचा वास परत आला, आणि बघतो तर पायथ्याशी कुणी नाही. गेला असेल पाळीवर, म्हणून मी झोपलो. किती दिवसांनी गाढ झोपलो मी!

तो रोज यायला लागला. भाईदासचा पंचा तोंडावर गेला की तेलाचा वास यायचा. मांडी झाली की तो पाऊल वर-खाली करायला लावायचा, डोक्यावर टांगलेल्या दांडीला धरून छाती उचलायला लावायचा. का म्हणून विचारलं तर काखेत कुबड्या धरल्याची नक्कल करायचा आणि हसायचा. एकदा मी रडलो. खरंच रडलो, कळच तशी होती. त्यानं डोक्यावर हात मारून घेतला, शिकाऊ पोरानं सगळा ताणा गुंतवल्यावर मारतात तसा, आणि परत मूठ आवळली. मी शिव्या दिल्या त्याला, ओठांवरच. त्यानंही दिल्या. मला हसू आलं आणि हसता हसता मांडी अशी दाबली गेली की गुंडाळी चपटी झाली.

आणि मांडी भरायला लागली, बघ. हाताला लागायला लागली. सुषमा डबा घेऊन यायची, चादर बाजूला करून बघायची, आणि तोंड फिरवायची. डोळे पुसायची गं तू, मला काय दिसत नव्हतं?

भूपेंद्रभाईंनी एक दिवस मांडी दाबून बघितली आणि खूष झाले. "अरे वाह! उद्या सवारे ऑपरेशन!" केतकीताई मागं उभ्या होत्या. डॉक्टर गेल्यावर म्हणाल्या, "खरं सांगा वाल्मिकराव, माझ्या एकटीच्या सांगण्यानं हे झालेलं नाही. कोण करून घेतंय तुमच्याकडून?"

मी म्हणलं, "तुमचाच तो दुपारचा माणूस. सखाराम."

"दुपारी आमचं कुणीच नसतं."

"असं कसं? लुंगीवाला. शिरपूरकडचा. रोज येतो की."

"काय म्हणतो तो?"

"काय म्हणणार? धर म्हणतो. सोड म्हणतो. शिव्या देतो."

"आवाज कसा आहे त्याचा?" ताईंनी सहज विचारलं. "मी सिस्टरना विचारते, कुणी आवाजावरून ओळखलं तर."

मी सांगायला तोंड उघडलं... आणि तसाच राहिलो. आवाज? मी त्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. आवाज सोड, त्याच्या चपलांचा आवाज नाही, हसण्याचा नाही, डोक्यावर हात मारला त्याचाही नाही. इतक्या दुपारी तो माझ्यासमोर उभा राहिला, आणि एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही! दुसरा कुणी असता तर पहिल्याच दुपारी किंचाळला असता. पण मी खात्यातला माणूस. बिनआवाजाचं माणूस मला वावगं वाटलंच नाही.

तेवढ्यात शेजारून भाईदास बोलला, हळूच.

"वाल्मिकभाऊ, मी बोलणार नव्हतो... पण आता निघालंच आहे. रोज दुपारी तू रिकाम्या पायथ्याकडं बघून हातवारे करतोस. तोंड हलवतोस, आवाज नाही. हसतोस, रडतोस. मी पंच्याच्या फटीतून बघायचो. मला वाटलं, गड्याचं हाडाबरोबर डोकंही मोडलंय."

"तुला कुणी दिसलं नाही?"

"तू दिसलास. आणि... तुझ्या विटा हलताना दिसल्या."

उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यावं तसं केतकीताईंनी मला पाणी दिलं आणि सुभद्राबाईंना बोलावून आणलं. सुभद्राबाई तिथल्या जुन्या आया, वॉर्ड उभा राहिल्यापासूनच्या. नाव ऐकल्यावर त्या माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्याच.

"होता. सखाराम होता," त्या म्हणाल्या. "लूमवाला. पाय मोडून आला होता, तुझ्यासारखाच. असा चालायला शिकला की बघत राहावं. बरा झाला, पण घरी जाईना. म्हणायचा, या नव्या पेशंटला उभा करतो आणि जातो. तो उभा राहिला की दुसरा. आमचं सगळ्यांचं लाडकं माणूस. एक दिवस दुपारी चालायला शिकवायच्या त्या दोन दांड्यांत कुणाला तरी चालवत होता... आणि उभ्याउभ्याच गेला. हृदय बंद पडलं. हात दांडीवर तसेच."

"आणि आता?"

"कुणाकुणाला दिसतो. पायथ्याशी उभा, हात हलवत. काय म्हणतो ते कुणाला कळत नाही." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "घाबरू नको, लेकरा. ज्यांना दिसला ते सगळे चालत घरी गेलेत."

"सगळे?"

"सगळे. तो एकटाच गेला नाही."

माझी पाचावर धारण बसली. संध्याकाळी सुषमा आली तर मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता मला घरी ने, मला ऑपरेशन करायचं नाही, या वॉर्डात मी राहणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, डब्याचं झाकण काढलं, आणि काय म्हणाली ठाऊक आहे? तूच सांग गं. लाजतेय आता. म्हणाली, "भूत ऱ्हावो का देव ऱ्हावो, तुमना पाय मजबूत झाया ना? मंग रडतस कसाले? जेवा मुकाट्यानं!" अशी ही तुझी ताई.

ऑपरेशन झालं. रॉड बसला. विटा सुटल्या. पाय सरळ झाला, दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आला. सगळे खूष. आणि खरी अडचण तिथंच सुरू झाली.

उभं राहता येईना मला. चुकलं, उभं राहवेना. केतकीताई वॉकर समोर ठेवायच्या, एक बाजू त्या धरायच्या, एक सुभद्राबाई. मी उठायचो, चांगल्या पायावर. ताई म्हणायच्या, आता ऑपरेशनचा पाय टेकवा, भार टाका, रॉड आहे आत, मोडणार नाही. आणि मला त्या बीमचा आवाज ऐकू यायचा. मांडीवर पडला तेव्हाचा. पाय जमिनीला लागला की अंग पाण्याचं व्हायचं आणि मी परत पलंगावर. मांडीत जोर होता, तुषार. भरवसा नव्हता. भूपेंद्रभाई रागावले. ताईंनी हात जोडले, म्हणाल्या, आता नाही टेकवला तर गुडघा पुन्हा धरेल, मांडी पुन्हा जाईल, केलेलं सगळं वाया. मला कळत होतं. सगळं कळत होतं. पण पाय टेकवला जात नव्हता.

आणि सखाराम येत नव्हता. ज्याच्या भीतीनं घरी पळणार होतो, त्याची मी दुपारी वाट बघायला लागलो. वास येतो का बघायचो. लोखंडावर हात ठेवून पडायचो.

मग आला. पण पायथ्याशी नाही. वॉर्डाच्या पार त्या टोकाला, दाराशी. ओला पडदा त्याच्या मागं लोंबत होता. पलंगाचं लोखंड असं थरथरत होतं की माझे दात वाजले. मी मूठ आवळून दाखवली, चला, सुरू करा म्हणून. त्यानं मान हलवली. नाही. खूप दमलेला दिसत होता. एवढा दमलेला माणूस मी आयुष्यात बघितला नाही. त्यानं उजवा हात उचलला आणि आपल्याच डाव्या खांद्यावर ठेवला. परत उचलला, परत ठेवला. माझ्याकडं बघत.

ती खूण प्रत्येक कारीगराला ठाऊक असते. खात्यात चालू मशीन सोडून जायचं नसतं. दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, मागून तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. मग तुम्ही बाजूला व्हायचं, मग हात पुसायचे, मग घरी. तो हात पडत नाही तोवर पाय तुटो की चक्कर येवो, उभं राहायचं. आणि ज्यानं आपल्या पाळीवाल्याला ताटकळत ठेवलं, त्याच्याइतका हलका माणूस खात्यात दुसरा नाही. त्याच्याशी कुणी विडीसुद्धा ओढत नाही.

तो मला म्हणत होता, मला सोडव...

इतक्या वर्षांत इतक्या लोकांना तो दिसला. कुणाला खूण कळली नाही. कुणी लूमवालाच नव्हता ना त्यांच्यात!

भीती वाटली का विचारतोस? बोबडी वळली होती. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याची पाळी आपण घ्यायची. ती घेतली तर मी कुठं उभा राहणार, कधीपर्यंत? मी भाईदासला हाक मारायला गेलो, तर ओठ हलले आणि आवाज निघाला नाही. सखाराम तसाच उभा. हात खांद्यावर. आणि तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की हा माणूस कधीचा उभा आहे... आणि मी इथं पलंगावर बसून बघतोय.

वॉकर जवळच होता. धरला. उठलो. चांगला पाय टाकला, मग दुसरा उचलला. बीमचा आवाज आला, येऊ दिला. टेकवला. भार टाकला. कळ आली, पण आतून कुणीतरी टेकू दिल्यासारखी मांडी उभी राहिली. मूठ आवळल्यावर आवळायची तशी आवळली. मग दुसरं पाऊल. पलंग मागं गेले. सगळे झोपलेले, जमीन थरथरतेय, आणि आवाज नाही. मी त्याच्यापाशी पोचलो. तो पाठ करून उभा राहिला, मशीनकडं तोंड करून उभं राहतात तसा. हात ठेवायचा तर एक हात वॉकरवरून सोडायला हवा, म्हणजे सगळा भार त्याच पायावर. सोडला. ठेवला त्याच्या खांद्यावर.

थंड नव्हता, तुषार. ऊन होता. घामानं भिजलेला, पाळी संपवलेल्या माणसाचा खांदा.

तो बाजूला झाला. लुंगीला हात पुसले. खांद्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं, सावकाश, अगदी निवांत. माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर म्हणाला, "जाऊ ना भो घर?" मी मान हलवली. तो पडद्यातून बाहेर गेला. आणि थरार थांबला. पंख्याची कुरकुर आली, चिमण्यांचा आवाज आला, कुणाचं तरी घोरणं आलं.

"अरे ए वाल्मिक!" भाईदास उठून बसला होता. "तू तिथं कसा गेलास रे? सिस्टर! सुभद्राबाई! बघा हा चालला!"

केवढा गलका झाला. केतकीताई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर दारापर्यंत जाऊन आलो, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तळहाताला काळं तेल लागलं होतं, ते सुषमानं साबणानं घासून काढलं. कुठलं म्हणून तिनं विचारलं नाही. वॉकर गेला, कुबड्या आल्या, त्याही गेल्या. लूमवर परत उभा राहिलो, पाळीभर. आणि सुटीच्या दिवशी त्या वॉर्डात जातो, अजूनही. कुणी पडून राहिला असेल, भिंतीकडं तोंड करून, तर त्याच्या पायथ्याशी उभा राहतो. मूठ आवळून दाखवतो. केतकीताई म्हणतात, तुम्ही आलात की पेशंट लवकर उठतात. पाळी घेतली म्हटल्यावर करायलाच हवं. सखाराम तेव्हापासून कुणाला दिसलेला नाही. सुभद्राबाईंनी शपथेवर सांगितलंय.

तर अशी ती गोष्ट. थांबलास का रे? दाब. मला बघू दे मांडी. अरे, लागतेय की हाताला! बघ, एवढ्यात किती दाबलीस, आणि तुला कळलंही नाही. चालशील तू. कबड्डीसुद्धा खेळशील, मी सांगतो.

काय? काय झालं?

कॉट हलतेय?

हो... हलतेय. तुला वाटलं, लाइट आली, खाती सुरू झाली. नाही आली, बघ, बल्ब बंद आहे. गल्लीत अंधार आहे. ऐक... कुठं काही आवाज येतोय का? नाही ना.

मला ठाऊक आहे. सखारामची पाळी घेतल्यापासून मी पायथ्याशी उभा राहिलो की असं होतं. वॉर्डातले पेशंटही म्हणतात, वाल्मिकभाऊ, पलंग थरथरतोय. काही होत नाही त्यानं. घाबरायचं नाही. इकडंतिकडं बघू नकोस, माझ्या हाताकडं बघ. ही मूठ. हँडल ओढ. धर... धर... शाब्बास रे पठ्ठ्या! सोड.

सुषमा, त्या कंदिलाची काच जरा धरून ठेव गं, किणकिणतेय.